चमचाभर आंबट दुधापासून मऊ भातापर्यंत : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि पोटदुखी यांचा इतिहास

बेरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली की डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या हातात आहाराचा एक कागद देतात. आधी पाण्यासारखे पातळ, मग दाटसर, मग वाटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. खाली चार-पाच सूचना असतात : हळू खा, चावून खा, जेवताना पाणी पिऊ नका, गोड टाळा, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

कागदावर कारणे मात्र नसतात. त्यामुळे घरी गेल्यावर दोन गोष्टी घडतात. पहिली, घरातले कुणीतरी म्हणते, "एवढ्याशा पेजेवर माणूस उभा कसा राहणार?" आणि चौथ्या दिवशी वाटीत भात येतो. दुसरी, पोट दुखले की "गॅस झाला असेल" म्हणून ओवा आणि हिंग सुरू होतो. बहुतेक वेळा तो खरोखर गॅसच असतो. पण काही वेळा नसतो, आणि तेव्हा काही तासांचा उशीरही महाग पडतो.

हे नियम एका दिवसात, कुणा एका डॉक्टरच्या डोक्यातून आलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक नियमामागे कुठल्या तरी रुग्णांची पोटदुखी, उलटी किंवा चक्कर आहे. तो इतिहास समजला की कागद पाळणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

१८८१ : व्हिएन्नातले आंबट दूध

जठराचा भाग कापून उरलेले पुन्हा जोडता येते का, हा प्रश्न वजनासाठी नव्हे, कॅन्सरसाठी आधी विचारला गेला. पॅरिसमध्ये पेआं यांनी १८७९ मध्ये आणि त्यानंतर पोलिश सर्जन रिडिगिअर यांनी १८८० मध्ये प्रयत्न केला, पण दोन्ही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा कॅन्सरग्रस्त खालचा भाग काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. ती शस्त्रक्रियेतून बरी झाली. पुढे सुमारे चार महिन्यांनी कॅन्सर पसरून तिचा मृत्यू झाला, पण जोड टिकला होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिचे खाणे. सुरुवातीला फक्त बर्फ. मग चमच्याने आंबट दूध, आधी तासातासाने आणि नंतर अर्ध्या तासाने. ताज्या जोडावर ताण येऊ नये, आणि पोटात गेलेले पुढे सरकते आहे की नाही हे कळावे, एवढाच हिशेब होता. आजच्या कागदावर "दर १५ मिनिटांनी दोन घोट" असे लिहिलेले असते. त्यामागचे तत्त्व तेच आहे. नव्या जठरात टाक्यांची किंवा स्टेपलची लांब रेघ असते. ती भरून यायला काही आठवडे लागतात. त्या काळात आत दाब वाढला, तर रेघ उसवून गळती होण्याचा धोका वाढतो.

त्याच वर्षी : उलटी आणि मेंदू

१८८१ मध्येच जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांची हालचाल बिघडलेली, चालताना तोल जाणारा, मन गोंधळलेले. त्यांपैकी दोघे अट्टल दारू पिणारे पुरुष होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने सल्फ्युरिक अॅसिड प्यायले होते. त्यामुळे जठराचे तोंड अरुंद झाले आणि तिला सतत उलट्या होत राहिल्या. तिघेही दगावले.

कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे जावामध्ये आइकमान यांनी पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो हे पाहिले. १९२६ मध्ये तांदळाच्या कोंड्यातून थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, वेगळे काढले गेले, आणि १९३६ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. त्या मुलीला दारूची सवय असण्याची गरज नव्हती. उलट्यांनीच तिचा साठा संपवला होता.

वजनाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर हाच आजार पुन्हा दिसू लागला : शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, सतत उलट्या होणाऱ्या रुग्णांत. आपल्याकडे त्यात एक जास्तीचा धोका आहे. अशक्तपणा वाटला की जवळच्या दवाखान्यात जाऊन "एक ग्लुकोजची बाटली लावा" म्हणायची सवय. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागते. साठा रिकामा असताना नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरलेही संपते आणि मेंदूचा त्रास एकदम उफाळू शकतो. म्हणून बेरिअॅट्रिक सर्जरी झालेल्या आणि उलट्या होत असलेल्या रुग्णाला सलाईन लावण्याआधी तसे स्पष्ट सांगा. थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा सोबत द्यायला हवे.

गोड खाल्ल्यावर घाम का फुटतो?

बिलरोथनंतरच्या काळात अल्सरसाठीही जठराच्या शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. रुग्ण बरे होऊन घरी जात आणि एक नवीच तक्रार घेऊन परत येत : जेवले की थोड्या वेळात पोटात मुरडा, धडधड, घाम, चक्कर, जुलाब. १९१३ मध्ये लंडनचे डॉक्टर आर्थर हर्ट्झ यांनी याचा संबंध जठर फार वेगाने रिकामे होण्याशी जोडला. १९२२ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मिक्स यांनी त्यासाठी "डंपिंग" हा शब्द वापरला. डंपिंग म्हणजे ट्रकमधून खडी एकदम ओतावी तसे.

एरवी जठराचे खालचे दार अन्न थोडेथोडे सोडते. ते दार काढले किंवा वळसा घालून टाळले, की गोड, घट्ट द्रव थेट लहान आतड्यात पोचतो. त्याला पातळ करण्यासाठी आतड्यात पाणी ओढले जाते, आतडे फुगते, काही हार्मोन्स एकदम सुटतात. दहा मिनिटे ते तासाभरात त्रास सुरू होतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर झपाट्याने वाढते, इन्सुलिन जास्त सुटते आणि मग साखर घसरते. थरथर, घाम, भूक, डोळ्यांपुढे अंधारी.

म्हणून बायपास झालेल्या रुग्णाला सणाच्या दिवशी शिरा, बासुंदी, उसाचा रस किंवा आमरसाची वाटी त्रास देते. हा हृदयविकार नव्हे, आणि "गोड सोसत नाही म्हणजे काहीतरी बिघडले" असेही नव्हे. मात्र मधुमेहाची औषधे चालू असतील तर अशा चक्करकडे दुर्लक्ष करू नका. साखर तपासा आणि डॉक्टरांना कळवा. औषधाचा डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते.

आतडे आखूड, ताट पूर्वीचेच

केवळ वजनासाठी शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेतील मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वरचे टोक खालच्या टोकाला जोडण्याचे काम प्रसिद्ध केले. पुढे पेन आणि डीविंड यांनी वरचे १४ इंच आतडे खालच्या ४ इंचांना जोडायची पद्धत रूढ केली. जठराला हातही लावलेला नव्हता. रुग्णाने हवे ते, हवे तितके खावे आणि ते अंगी लागू नये, अशी ती कल्पना. आहाराचा कागद जवळजवळ नकोच.

वजन उतरले. पण जुलाब थांबेनात, पोट फुगून दुखू लागले, मूत्रपिंडात ऑक्सलेटचे खडे झाले, सांधे दुखले, काहींचे यकृत निकामी झाले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली आणि अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. खाणे न बदलता नुसते पचन बिघडवून वजन उतरवण्याची किंमत फार मोठी असते, हा धडा त्या रुग्णांनी दिला. आज आहाराला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व देतात ते त्यामुळे.

आयोवातले डॉ. मेसन आणि लहान जठर

आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी वेगळ्या बाजूने विचार केला. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी जठर न काढता त्याचे दोन भाग केले. वरचा लहान भाग आतड्याच्या वेटोळ्याला जोडला. ही पहिली गॅस्ट्रिक बायपास.

तिलाही पोटदुखी चुकली नाही. वेटोळ्याच्या जोडातून पित्त वर चढून जळजळ होई. १९७७ मध्ये केंटकीच्या ग्रिफन यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी वापरली. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या सेझार रू यांनी ती १८९० च्या दशकातच दुसऱ्या कारणासाठी रूढ केली होती. आज आपण "रू-एन-वाय बायपास" म्हणतो ते नाव तिथून आले.

दुसरा त्रास जोडावरच्या अल्सरचा. आतड्याला आम्लाची सवय नसते, त्यामुळे जठर आणि आतडे जिथे मिळतात तिथे व्रण होतो. जेवल्यावर छातीखाली मधोमध जळजळ किंवा दुखणे, कधी काळी शौच. धूम्रपान, हेलिकोबॅक्टर जंतू आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची मोठी कारणे. स्थूल माणसाचे गुडघे दुखतातच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक मेडिकलच्या दुकानात सहज मिळतात. बायपासनंतर या गोळ्या बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. तंबाखू, मशेरी, सिगारेट पूर्ण बंद.

मऊ खाण्यातच अडकलेले रुग्ण

१९८० मध्ये मेसन यांनीच आणखी सोपी शस्त्रक्रिया काढली. जठराची उभी बारीक पिशवी आणि तिच्या तोंडाशी न ताणणारा पट्टा. आतड्याला हात नाही, त्यामुळे डंपिंगही नाही. पण भाकरी, मांस, कच्च्या भाज्या त्या अरुंद तोंडाशी अडकत, छातीत दाटून येई, उलटी होई. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र सहज खाली उतरत. काही रुग्ण हळूहळू त्यावरच राहू लागले. १९८७ मध्ये व्हर्जिनियातील शुगरमन यांच्या गटाने दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना केली, तेव्हा गोड खाणाऱ्या रुग्णांचे वजन बायपासनंतर जास्त उतरलेले दिसले.

ही गोष्ट आजही लागू पडते. पातळ आणि मऊ आहार ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. पोळी अडकते म्हणून बिस्किट दुधात बुडवून खाणारे, भाजी नको म्हणून साबुदाण्याची खीर खाणारे रुग्ण मी पाहतो. त्यांचे पोट दुखत नाही, पण प्रथिने कमी पडतात, केस गळतात आणि वजन पुन्हा चढू लागते. दोन-तीन महिन्यांनंतरही नेहमीचे अन्न उतरत नसेल, तर ते सहन करायचे नसते. जोड किंवा नळी अरुंद झाली असेल तर एन्डोस्कोपीतून फुगा घालून ती रुंद करता येते.

दुर्बिणीचा फायदा आणि एक छुपा धोका

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला. जखम लहान, दुखणे कमी, घरी लवकर. पुढे २००० च्या आसपास जठराची उभी नळी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्ह, दुर्बिणीतून होऊ लागली. आधी ती मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. नंतर स्वतंत्रपणे होऊ लागली आणि आज जगात सर्वांत जास्त तीच केली जाते.

दुर्बिणीने एक अनपेक्षित गोष्ट केली. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतडी आपापसात थोडी चिकटतात. दुर्बिणीनंतर ती फारशी चिकटत नाहीत, मोकळी राहतात. बायपासमध्ये आतडे वर ओढताना त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. अशा फटीत आतडे शिरते हे जर्मन सर्जन पीटरसन यांनी १९०० मध्येच नोंदवले होते. वजन उतरले की त्या पडद्यातली चरबी वितळते आणि फटी मोठ्या होतात. म्हणजे सगळे छान चालले असताना, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, आतडे त्या फटीत अडकू शकते. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. बाहेरून फुगवटा दिसत नाही.

२०१६ मध्ये स्वीडनमधील १२ रुग्णालयांतल्या सुमारे २५०० रुग्णांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. फटी शिवून टाकल्या, तर आतडे अडकून तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ५.५ टक्के होते. न शिवता सोडल्या, तर १०.२ टक्के. म्हणजे धोका निम्मा होतो, पण शून्य होत नाही.

हे दुखणे फसवे असते. जेवल्यावर पोटात कळ येते, बहुधा वरच्या डाव्या बाजूला किंवा मधोमध, कधी पाठीत जाते, आणि थोड्या वेळाने थांबते. पोट मऊ लागते, एक्स-रे नॉर्मल येतो, सोनोग्राफीत काही दिसत नाही. रुग्ण घरी जातो. आतडे पिळले गेले तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. अशा वेळी सी.टी. स्कॅन आणि बेरिअॅट्रिक सर्जनचा सल्ला लागतो. स्कॅन नॉर्मल असला तरी दुखणे टिकून असेल, तर दुर्बिणीने आत पाहावे लागते. बायपास झालेल्या गरोदर स्त्रियांत हे विशेष ध्यानात ठेवा. सहाव्या-सातव्या महिन्यातली जोराची कळ "बाळ फिरले असेल" म्हणून सोडून देऊ नका.

वजन झपाट्याने उतरल्यावर पित्ताशयात खडेही होतात. उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर येणारी कळ ही त्याची खूण. शुगरमन यांच्याच गटाने १९९५ मध्ये दाखवले की सहा महिने रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड घेणाऱ्यांत खडे २ टक्क्यांना झाले, तर औषधाविना ३२ टक्क्यांना. तुमच्या कागदावर ही कडू गोळी लिहिली असेल तर ती मध्येच सोडू नका.

आपल्या स्वयंपाकघरातला क्रम

तुमच्या सर्जनने दिलेले वेळापत्रक अंतिम. साधारण क्रम असा असतो :

- पहिले एक-दोन दिवस : पाणी, गाळलेले मुगाच्या डाळीचे पाणी, भाज्यांचे गाळलेले सूप, बिनसाखरेचे पातळ ताक. घोट घोट.
- साधारण दोन आठवड्यांपर्यंत : दूध किंवा ताक, पातळ गाळीव वरण, पातळ आंबील, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. बायपासनंतर दुधाने जुलाब झाले तर दही-ताकावर या.
- तिसरा-चौथा आठवडा : वाटलेले पदार्थ. घट्ट वरण, मऊ पनीर, वाटलेली दुधीची भाजी, मऊ अंडे.
- पाचवा-सहावा आठवडा : मऊ खिचडी, वाफवलेला मासा, शिजवलेल्या भाज्या, वरणात कुस्करलेली भाकरी.
- त्यानंतर : नेहमीचे जेवण, पण लहान ताटात. आधी डाळ, अंडे, पनीर, मासे, मग भाजी, शेवटी पोळी-भात.

नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दोन-तीन चमचेच. त्रास झाला तर तो आठवडाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा पाहा. मऊ, चिकट भात, ताजा ब्रेड, कोरडे चिकन, संत्र्याच्या पाकळीची साल हे उशिरा सुरू करा. घास नीट चावा. जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की ताट बाजूला. पुढचा एक घास म्हणजे हमखास छातीत दाटणे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणि कमी पाणी यांमुळे बद्धकोष्ठता होते. पोट दुखण्याचे सगळ्यात साधे आणि सगळ्यात जास्त दिसणारे कारण बरेचदा तेच असते.

कधी थांबायचे नाही

यातले काहीही असेल तर ओवा, गॅसची गोळी, "सकाळी बघू" असे काही नको. थेट रुग्णालय गाठा :

- जोराचे पोट दुखणे जे दोन तासांत कमी होत नाही, किंवा जेवल्यावर पुन्हा पुन्हा येणारी कळ.
- पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी १०० च्या वर राहणे, धाप लागणे, डाव्या खांद्यात दुखणे. गळतीत पोट फारसे न दुखता नुसती नाडी वाढू शकते.
- २४ तासांपेक्षा जास्त उलट्या, किंवा पाणीही न ठरणे.
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी.
- डोळ्यांना दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ.

शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार आणि सर्जनचा फोन नंबर लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला "माझा बायपास झाला आहे" एवढेच सांगितले, तर तो हृदयाचा बायपास समजू शकतो. "जठराचा, वजनासाठीचा बायपास" असे पूर्ण सांगा. घरच्यांनाही हे वाक्य शिकवून ठेवा, कारण वेळ आली तर बोलणारे बहुधा तेच असतील.

हा लेख माहितीसाठी आहे. आहाराचा किंवा औषधाचा कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.